नवा लॅपटॉप आणि "आधी फॉरमॅट मारून घ्या"



गेल्या दोन महिन्यांत मला तीन घरांतून एकच प्रश्न आला. नवा लॅपटॉप घेतलाय, आणि ओळखीचा मुलगा म्हणतोय की आधी सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकून घ्या, मगच वापरायला काढा. घ्यावं का तसं? एकदम तीन घरांतून विचारणा व्हायचं कारणही उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला, जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ चढेना, आणि वर मार्चअखेर तोंडावर आलेली. दुकानांचे हिशोब, मंदिराच्या ट्रस्टची खाती, महिला मंडळाची भिशी, नातवंडांची पाठशाळा, सगळं आता याच पेटीत असतं. तेव्हा बऱ्याच जणींकडे नवं यंत्र आलंय.

माझं उत्तर आधीच सांगते. बहुतेकींनी हे करायची गरज नाही. साफसफाई जरूर करा, पण सगळं पुसून नव्याने टाकायच्या भानगडीत पडू नका. काही वेळा मात्र पुसणंच बरोबर असतं. त्या कोणत्या, तेही पुढे सांगते.

मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. बी.कॉम. केलं तेव्हा आम्ही खतावणी हाताने लिहायचो. टॅली शिकले ती पंचेचाळिशीत, ह्यांच्या दुकानासाठी. पण कॉमर्सने एक सवय लावली: कुणी काही सांगितलं की आधी पावती काढायची आणि आपण नेमकं काय विकत घेतलंय ते वाचायचं.

तर पावती काढा. त्यावर लॅपटॉपच्या नावापुढे "विंडोज ११ होम" असं लिहिलेलं असेल. बऱ्याचदा "ऑफिस होम अँड स्टुडंट" असंही असतं. म्हणजे यंत्राच्या किमतीतच विंडोजचा परवाना आपण विकत घेतला. हा परवाना त्या लॅपटॉपलाच बांधलेला असतो, दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. पूर्वी लॅपटॉपच्या पोटाखाली किल्लीच्या आकड्यांचा एक चिकटपट्टा असायचा, आठवतो का? विंडोज ८ आलं २०१२ साली, तेव्हापासून ती किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरून येते. त्यामुळे कुणी योग्य रीतीने तेच विंडोज पुन्हा टाकलं, तर ते आपली किल्ली स्वतःच वाचून घेतं. आकडे विचारत नाही, पैसे मागत नाही. मात्र अट एकच, आवृत्ती तीच हवी. होमच्या जागी होम. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पुन्हा टाकायला सांगणारी मुलं तसं का सांगतात, हेही समजून घ्यायला हवं, कारण त्यांचं सगळंच चुकीचं नसतं. नवा लॅपटॉप उघडला की त्यात आपण न मागितलेलं बरंच काही असतं. महिनाभर फुकट आणि मग पैसे मागणारा अँटीव्हायरस, खेळ, खरेदीच्या दुकानांची चित्रं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना हे सामान आत ठेवण्याचे पैसे मिळतात. दिवाळी अंकात जाहिराती असतात म्हणून अंक स्वस्त पडतो ना, तसंच. पण अंकातली जाहिरात गप्प बसते. ही बसत नाही. "तुमचं संरक्षण संपत आलंय" म्हणून दर दोन दिवसांनी लाल चौकोन वर येतो आणि आपल्यासारखी बाई घाबरून कार्डाचा नंबर भरून मोकळी होते. ह्याचा मला खरंच राग येतो.

आणि कधी ते सामान नुसतं कटकटीचं नसून घातकही निघालंय. २०१४ च्या सप्टेंबरपासून लेनोव्होने काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा एक प्रोग्रॅम भरून विकला. काम काय, तर आपण बघतो त्या पानांत जाहिराती घुसवायच्या. त्यासाठी त्याने बँकेच्या पानावर जे कुलूप दिसतं, त्या व्यवस्थेतच आपला खोटा शिक्का बसवला होता. सगळ्या यंत्रांवर शिक्का एकच, म्हणजे एकाने तो फोडला की सगळ्यांचं दार उघडं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे बाहेर आलं, अमेरिकेच्या सरकारने तो काढून टाका म्हणून सूचना काढली, कंपनीने काढायचं साधन दिलं, पुढे २०१७ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोडही झाली. नुसता प्रोग्रॅम काढून भागत नव्हतं, शिक्का वेगळा काढावा लागायचा. २०१५ च्याच नोव्हेंबरात डेलच्या लॅपटॉपांतही तसाच एक शिक्का सापडला. "नवं यंत्र आलं की आधी पुसा" हा सल्ला पक्का झाला तो अशा प्रकरणांनी.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग ही मुलं सांगत नाहीत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये लेनोव्होच्याच काही यंत्रांबद्दल कळलं की विंडोज पूर्ण पुसून कोरं टाकलं तरी कंपनीचा एक प्रोग्रॅम परत येऊन बसायचा, कारण तो डिस्कवर नव्हताच, यंत्राच्या मुळातल्या चिपमध्ये होता. तिथे पुसून काही हाती लागलं नाही, कंपनीने चिपसाठी नवी दुरुस्ती काढली तेव्हा ते थांबलं. शिवाय कोरं विंडोज तरी कुठे कोरं असतं? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जाहिराती, सुचवण्या, वनड्राइव्हचा आग्रह, हे सगळं कोऱ्यातही येतंच.

आपण नवं स्टीलचं पातेलं आणलं की काय करतो? चिकटपट्टा काढतो, पॉलिशचा काळेपणा जाईपर्यंत चिंचेने नाहीतर राखेने घासतो, गरम पाण्याने धुतो, आणि वापरायला काढतो. भट्टीत घालून नवं ओतून आणा, असं कुणी म्हणत नाही. लॅपटॉपलाही घासणंच हवं.

ते घासणं अर्ध्या तासाचं काम आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स अशी यादी मिळते. तिथून तो महिनाभराचा अँटीव्हायरस काढा. घाबरू नका, तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप पहाऱ्यावर येतो, आणि घरगुती वापराला तो पुरतो. मग खेळ काढा, खरेदीची चित्रं काढा. त्याच ॲप्सच्या खाली स्टार्टअप म्हणून एक जागा आहे. यंत्र सुरू होताना कोण कोण आपणहून उठतं ते तिथे दिसतं. नको त्यांना तिथे बंद करा, लॅपटॉप पटकन सुरू होतो. मग अपडेट पूर्ण होऊ द्या. पहिल्या दिवशी दोन-तीनदा बंद-चालू होईल, होऊ दे.

मात्र कंपनीचं सगळंच काढू नका. लॅपटॉपच्या कंपनीचं स्वतःचं एक ॲप बहुधा असतं, आणि त्यात बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असू शकते. दुकानाच्या गल्ल्यावर ज्यांचा लॅपटॉप दिवसभर वायर लावूनच असतो, त्यांनी ती सोय नक्की शोधावी, बॅटरी जास्त वर्षं टिकते. सरसकट पुसणाऱ्यांच्या हातून हे आधी जातं.

याउलट पुन्हा टाकायचं म्हटलं तर काय काय लागतं बघा. किमान आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळणारं साधन, काही जीबी डेटा. इथपर्यंत सोपं. मग पडद्यावर "डिस्क सापडत नाही" येतं, कारण इंटेलच्या बऱ्याच नव्या यंत्रांना डिस्क ओळखायला वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. तो मिळाला तर पुढे वायफाय सुरू नाही, कारण त्याचाही ड्रायव्हर नाही. आणि होम आवृत्ती इंटरनेट व मायक्रोसॉफ्टचं खातं असल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. म्हणजे ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला ड्रायव्हर. ज्याला माहीत असतं तो आधीच दुसऱ्या यंत्रावरून मॉडेलच्या नंबराप्रमाणे हे उतरवून ठेवतो. ज्याला माहीत नसतं त्याचा रविवार जातो.

आता कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल बोलू, खरं तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

माझ्या बहिणीची सून सांगलीकडे घरातून भाजणी, मेतकूट, पापड, चटण्यांचा व्यवसाय करते. गेल्या वर्षी तिने लॅपटॉप घेतला, पावतीवर स्वच्छ "विंडोज ११ होम". कुणीतरी म्हणालं म्हणून जवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने सहाशे रुपये घेतले, सगळं पुसलं आणि सांगितलं, "ताई, आता फास्ट केलाय, प्रो टाकून दिलंय, ऑफिस पण फुल." तिला वाटलं, होमपेक्षा प्रो मोठं, म्हणजे फायद्यातच राहिलो. त्या प्रोचा परवाना कुठून आला, हे कुणी विचारतं का? तो चोरीचा होता. आणि असली कुलूपतोड चालावी म्हणून त्याने डिफेंडर बंद करून ठेवला होता.

जानेवारीत छपाईवाल्याकडून लेबलांच्या नमुन्यांचा पेनड्राइव्ह आला, तो लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. नावांपुढे भलतीच अक्षरं, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. ऑर्डरी, येणी, कच्च्या मालाची बिलं, सगळं बंद. पोरगी रडून रडून थकली. मला फोन आला, "मावशी, जीएसटीचं काय करू?"

मी गेले. नशिबाने तिच्याकडे कार्बनच्या बिलबुकांचे गठ्ठे होते आणि बँकेचा उतारा. चार दुपारी आम्ही दोघींनी समोरासमोर बसून सगळं पुन्हा भरलं. ती वाचायची, मी टाकायची. आठ हजार चारशेचं एक येणं कुणाकडचं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही, तिने ते सोडून दिलं. आणि यंत्राचं काय? तिच्या भावाच्या ओळखीतल्या एका जाणत्या मुलाने सगळं पुसून होम टाकलं. त्याने किल्ली मागितली नाही, दुसरा पैसा लागला नाही, विंडोज आपोआप चालू झालं. खरा परवाना इतके महिने त्या पेटीतच होता. तो विकत घेऊन, वर सहाशे रुपये देऊन, तिला चोरीचा माल मिळाला होता.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. आपण स्वाध्यायात अणुव्रतांचे अतिचार वाचतो. अचौर्याच्या अतिचारांत तदाहृतादान आहे. चोरी आपण केली नाही, पण चोरीचा माल घेतला, तोही दोषच. वाचताना डोळ्यांसमोर सोनं नाहीतर धान्याची पोती येतात. मला वाटतं, आज आपल्या घरांत हा अतिचार सर्वांत जास्त लॅपटॉपमधूनच शिरतो, आणि घरातल्या बाईला कळतही नाही. "एवढी श्रीमंत कंपनी, तिचं काय बिघडतं" हे मला पटत नाही. व्रतात मालकाची श्रीमंती मोजायला सांगितलेली नाही. त्यातून ज्या यंत्रावर मंदिराच्या दानाचा हिशोब लिहायचा, तेच असं असावं?

तपासणं अगदी सोपं आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन. तिथे आवृत्ती बघा, पावतीशी जुळते का. पावतीवर होम आणि पडद्यावर प्रो असेल तर विचारा. आणि तिथे "युअर ऑर्गनायझेशन" असे शब्द दिसले, म्हणजे तुमच्या संस्थेच्या सेवेतून हे चालू केलंय असं लिहिलेलं असेल, तर घरच्या लॅपटॉपवर ही कुठली संस्था आली? अशी ओळ मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांवर शोभते. आपल्याकडे दिसली तर बहुधा कुणीतरी बनावट किल्ली फिरवलेली असते.

म्हणून जिथे पुन्हा टाकायलाच हवं, त्यातलं पहिलं घर हे. दुसरं, जुना किंवा दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घेतला असेल तर. आधीच्या मालकाने आत काय ठेवलंय ते कुणाला ठाऊक, तिथे पुसल्याशिवाय बँकेचं पान उघडूसुद्धा नका. तिसरं, साफसफाई करूनही पानांवर भलत्याच जाहिराती येत राहिल्या तर. आणि करायचं ते पहिल्याच आठवड्यात, आत आपलं काही जमा व्हायच्या आधी. पेनड्राइव्हच्या वाटेला जाण्यापूर्वी सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत "रीसेट धिस पीसी" आहे, ते वापरून बघा. त्यात क्लाउड डाउनलोड निवडलं तर मायक्रोसॉफ्टकडून ताजी प्रत येते, ड्रायव्हरचा घोळही सहसा होत नाही. मात्र आतून आलेली अडगळ कधीकधी यातून परत येऊ शकते, आणि चिपमधल्या बदमाशीवर याचा उपाय नाही. पावतीवर ऑफिस असेल तर आधी ते सुरू करून आपल्या खात्याशी जोडून घ्या, मगच पुसा. पुसल्यावर खात्यातून ते परत उतरवता येतं.

एक गंमत सांगते. एका मैत्रिणीच्या घरी पुसायचं ठरलं होतं, कारण काय, तर "टॅली चढत नाही, लॅपटॉप बिघडका आलाय." बघितलं तर तो एस मोडमध्ये होता. काही स्वस्त लॅपटॉप असे येतात, त्यांत मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप्स चालतात. स्टोअरमधूनच त्यातून बाहेर पडता येतं, फुकट. एकदा बाहेर पडलं की परत एस मोडमध्ये जाता येत नाही, पण आपल्याला जायचंय कशाला? दहा मिनिटांत टॅली चढलं.

आणि ज्यांनी विंडोजशिवायचा, दुकानदार ज्याला "डॉसवाला" म्हणतात तो लॅपटॉप स्वस्त पडतो म्हणून घेतलाय, त्यांनी हिशोब नीट मांडावा. वाचलेले पैसे म्हणजे परवान्याचे पैसे. एकतर तो विकत घ्या, नाहीतर उबंटूसारखं लिनक्स टाका. ते फुकट आहे आणि फुकट द्यायलाच बनवलंय, त्यात कुणाचं काही घेतल्यासारखं नाही. पत्रं, प्रवचनं ऐकणं, मुलांचा अभ्यास, मराठी टाइप करणं सगळं होतं. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही, म्हणून दुकानाच्या यंत्रासाठी मी सुचवणार नाही.

शेवटी कुलपाचं. २०२४ पासूनच्या नव्या विंडोज ११ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली की होम आवृत्तीतही डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. चोराने लॅपटॉप नेला तर त्याला आतलं काही दिसू नये म्हणून. चांगली सोय आहे, पण मदरबोर्ड बदलला किंवा कुणी मुळातल्या सेटिंग्जना हात लावला की यंत्र अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतं, आणि ती नसेल तर आतले फोटो आणि हिशोब गेलेच म्हणायचे. ही किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तेव्हा ते खातं तुमच्याच नावाचं असू द्या. दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिलेलं असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात गेली. आजच ती उघडून बघा आणि कागदावर उतरवा. आमच्या लॅपटॉपची मी गॅसच्या पुस्तकामागच्या वहीत लिहून ठेवली आहे, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि सुनेलाही वही दाखवून ठेवली आहे.